देवीदासभाऊंच्या गुडघ्याचे अपघात

अमरावतीत आमच्या राजापेठेतल्या बिल्डिंगचा जिना देवीदासभाऊ तायडे उलटे उतरतात. तोंड वरच्या मजल्याकडे, पाठ रस्त्याकडे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, भाऊ वर चढताहेत. मी अदबीनं मागे थांबलो आणि ते थेट माझ्या पायावर आले.

"टेन्शन नाई घेवाचं," चेंगरला माझा पाय, पण धीर त्यांनीच मला दिला.

उतरताना उजवा गुडघा दगा देतो, म्हणून ही तऱ्हा. तो कशानं गेला, हे मात्र विचारणाऱ्यावर अवलंबून. दूधवाल्याला सांगितलं, तिवशाच्या बाजारात बैलानं उडवलं. बिल्डिंगमध्ये शिकवणीला येणाऱ्या पोरांना सांगितलं, चिंचेवरून पडलो. मला म्हणाले, "मूर्तिजापूरजवळ चालत्या शकुंतलेतून पडलो न भाऊ." आता, ज्या छोट्या रेल्वेगाडीतून उतरून लोक शेतातला हरभरा उपटायचे आणि पळत जाऊन पुन्हा तीच गाडी पकडायचे, तिच्यातून पडायला अंगी काही विशेष गुण हवेत. मी तसं म्हटलं, तर पुढल्या वेळी गाडी जाऊन म्हैस आली.

"गुडघा एक अन् अपघात अठरा," वहिनी भाकरी थापता थापता म्हणतात. पण खोटं बोलताना हा माणूस इतका खुशीत असतो की खरं विचारायची आपल्यालाच लाज वाटते.

दर रविवारी अकोल्याहून वसंतराव येतात, भाऊंचे कॉलेजच्या वेळचे मित्र. सोबत गांधीग्रामची गुळपट्टी. दोघं टीव्हीवर फुटबॉल बघत बसतात. मैदानात कुणी पाय धरून लोळायला लागला की भाऊ झटकन चॅनेल बदलून शेतीचा कार्यक्रम लावतात. मॅच कोण जिंकलं, हे आम्हाला सोमवारी पेपरातून कळतं.

गेल्या महिन्यात गुडघा बदलायचं ठरलं. दवाखान्यात भाऊ, वसंतराव आणि मी असे तिघं गेलो. फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं.

"इजेचं कारण?" मी विचारलं.

"म्हैस लिहा," भाऊ म्हणाले.

"फुटबॉल लिहा," वसंतराव म्हणाले. "कॉलेजची फायनल. हा अमरावतीकडून, मी अकोल्याकडून. बॉल निघून गेला होता, तरी मी मागून पाय घातला. माह्या पायानं गेला याचा गुडघा."

भाऊंचा चेहरा उतरला. "कायले सांगून राहिला तू? वीस वर्साचं पोट्टं होता तू तवा."

"चाळीस वर्स झाले, हा लोकायले म्हशी सांगते अन् मी ऐकतो. त्या दिवसापासून बॉलले पाय नाई लावला मी. एकदा जरी तू मले शिवी देली असती न, तं सुटलो असतो." वसंतरावांचे डोळे भरून आले.

भाऊ इतकी वर्षं मित्राला सांभाळत होते आणि मित्र त्याच ओझ्याखाली दबत होता. मला कुठं बघावं कळेना.

"लोकायले खरं सांगतलं असतं तं तू लाजेनं येनं बंद केलं असतं," भाऊ हळूच म्हणाले. "मंग रविवारी मी कोनासंगं बसू?"

मग त्यांनी घसा खाकरला आणि भर दवाखान्यात वसंतरावांना अशी खणखणीत वऱ्हाडी शिवी हासडली की प्लास्टर घातलेला एक पेशंट उठून बसला. ती इथं छापता येणार नाही.

वसंतराव रडता रडता हसायला लागले.

"आनखी एक दे," ते म्हणाले.