उकंडरावांची कायमची खरेदी

मेहकरच्या उकंडरावांनी आयुष्यात भाड्यानं अशी एकच वस्तू आणली होती, ती म्हणजे स्वतःच्या लग्नातला घोडा. तोही परत करताना त्यांचा जीव खालीवर झाला होता, असं सासरची माणसं अजून सांगतात.

घोडा सोडला तर घरात सगळं स्वतःचं. मुलाच्या, म्हणजे हर्षलच्या लग्नात बशीरभाई मंडपवाल्यांनी खुर्च्यांचं भाडं सांगितलं, तेव्हा उकंडरावांनी सरळ दीडशे खुर्च्या विकत आणल्या. लग्न एका दिवसात उरकलं. खुर्च्या मात्र सहा वर्षं झाली, माडीवर एकीत एक घालून छताला टेकल्या आहेत. मनकर्णाबाईंना माडीवर काही ठेवायचं म्हटलं की आधी खुर्च्यांच्या थप्प्या हलवाव्या लागतात. (हलवतात उकंडराव. बाई फक्त सांगतात.)

तर अशा माणसाच्या कॉम्प्युटरवर एका सकाळी पाटी आली. मशीनबरोबर फुकट आलेल्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरची मुदत संपली आहे. आता एकतर दरवर्षी वर्गणी भरा, नाहीतर एकदाच काय ते विकत घ्या.

एरवी उकंडरावांनी ती पाटी दोन महिने नुसती वाचली असती. शाळेत हेडक्लार्क होते, कागद दाबून ठेवण्यात त्यांचा हात जुना. पण या वेळी दाबून ठेवण्याजोगं नव्हतं. मनकर्णाबाई आणि गल्लीतल्या सात बायका मिळून बाजरीच्या खारोड्या, म्हणजे उन्हात वाळवलेले सांडगे, करतात, आणि बुलढाण्याच्या प्रदर्शनात त्यांना गाळा हवा होता. पहिल्या वर्षी अर्ज हातानं लिहिला म्हणून परत आला. दुसऱ्या वर्षी उशिरा पोचला म्हणून परत आला. यंदा अर्जाची फाईल कॉम्प्युटरवरच आली होती. तीच भरून, छापून, शनिवारी दुपारी दोनच्या आत तालुक्याच्या कार्यालयात द्यायची होती.

"यंदाही राह्यलं तं मी त्या परदर्शनाचं पुन्ना नाव नाई काढनार," मनकर्णाबाई म्हणाल्या. "त्यापेक्षा टायपिंगवाल्याकडं जाऊ."

"हेडक्लार्कची बायको टायपिंगवाल्याच्या दारात रांगेत उभी?" उकंडराव म्हणाले. "लोकं मले काय म्हनतीन?"

संध्याकाळी ओट्यावर बशीरभाई आले. उकंडरावांनी त्यांना पेच सांगितला.

"वर्षाची वर्गणी घ्या भाऊसाहेब," बशीरभाई म्हणाले. "माह्या धंद्याचं सांगतो. खुर्ची इकत घेतली तं बसाले एक दिवस, अन् सांभाळाले सारी जिंदगी. भाड्याची असली तं दुसऱ्या दिवशी डोक्याचा ताप गेला."

"तुमी भाड्यानं देनारे. तुमी भाड्याचेच गुन गासान."

मग नाशिकला हर्षलला फोन लागला. त्यानं शांतपणे समजावलं, "बाबा, वर्गणीचं घेतलं तं पाच मशीनवर चालते. विकतचं घेतलं तं एकदाच पैसे, पन ते एकाच..."

उकंडरावांनी 'एकदाच' पर्यंत ऐकलं, 'बरं, ठेवतो' म्हणाले आणि खरोखरच ठेवला.

गुरुवारी त्यांनी बसस्टँडजवळच्या दुकानातून कायमचं सॉफ्टवेअर आणलं. पेढ्याच्या डब्याएवढा डबा, आणि आत नुसतं एक कार्ड, त्यावर पंचवीस अक्षरांचा कोड. उकंडरावांनी डबा उलटा करून दोनदा हलवला. अजून काहीतरी निघेल असं त्यांना वाटत होतं. मनकर्णाबाईंनी डब्याला हळदकुंकू लावलं, झाकणावर स्वस्तिक काढलं आणि डबा देवघरात ठेवला. गाडी असो, फ्रीज असो की मिक्सर, या घरात नवी वस्तू पहिल्यांदा देवाला दाखवतात.

"लगेच भरून टाकू का अर्ज?" बाईंनी विचारलं.

"आता अवस लागून राह्यली. उद्याचा सारा दिवस अवस. नव्या वस्तूचा नारळ अवसेले फोडते का कोनी? शनिवारी सकाळी नवाले बसू. दोन पानं तं हायेत."

हे बाईंनाही पटलं. अमावास्येचं कोणाला पटत नाही?

शेजारच्या शंकररावांना. ते गणिताचे निवृत्त मास्तर, आणि अमावास्या म्हणजे चंद्राची एक कला, एवढंच त्यांचं म्हणणं. ते त्याच रात्री जेवणानंतर आले. मुलीचा, प्रतीक्षाचा बायोडाटा जालन्याकडच्या पाहुण्यांना पाठवायचा होता, आणि त्यांच्याही कॉम्प्युटरवर तीच पाटी आली होती.

"तुमी नवं आनलं म्हने," शंकरराव म्हणाले. "दोन दिवस देता का? तसंही तुमचं अवसेपायी बंदच हाय."

आता इथं उकंडरावांचा स्वभाव सांगायला हवा. गल्लीतली शिडी त्यांची, मोठी कढई त्यांची, भिंतीला भोक पाडायचं मशीन त्यांचं. कोणी मागायला आलं की त्यांचं तोंड असं फुलायचं, की वस्तू वापरण्यापेक्षा वस्तू देण्यासाठीच ती घेतली असावी. भाड्याची वस्तू पुढं देता येत नाही, आणि त्यांचा भाड्यावर जो राग होता त्याचं मूळ बहुतेक हेच होतं.

"देऊ नका," मनकर्णाबाई आतून म्हणाल्या. "आधी माह्या अर्जाचं होऊ द्या."

"अवं, शेजाऱ्यानं शिडी नेली तं शिडी झिजते का? शनिवारी सकाळी आनून देतीन ते."

आणि देवघरातला डबा हळदकुंकवासकट शेजारी गेला.

शंकरराव शब्दाचे पक्के. शनिवारी साडेआठला डबा परत घेऊन हजर. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही त्यांच्याही घरची रीत. म्हणून डब्यात कार्डाभोवती ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा होत्या. उकंडरावांना गहिवरून आलं. असे शेजारी आता राहिलेत कुठं, असं ते बायकोला म्हणालेसुद्धा.

नऊला नारळ फुटला. उकंडरावांनी एका बोटानं पंचवीस अक्षरं टाकली. पडद्यावर तांबडी ओळ आली. त्यांनी पुन्हा टाकली. पुन्हा तीच ओळ. तिसऱ्यांदा चष्मा पुसून टाकली. मग त्यांनी हर्षलला फोन लावला आणि ओळ वाचून दाखवली.

"बाबा, हा कोड दुसऱ्या मशीनवर वापरला गेला म्हंते ते. कोनाले देल्ला होता का?"

"शंकररावले. पन त्यायनं परत देल्ला ना."

मग हर्षल म्हणाला, "बाबा, ते शिडी नोहे."

उकंडराव डबा घेऊन शेजारी गेले. मागोमाग मनकर्णाबाई, पदर खोचून.

"शंकरराव, आमचं सॉफ्टवेअर परत द्या."

"देल्लं ना सकाळी. डबा देल्ला, कारड देल्लं, वरून शेंगा देल्ल्या."

"मंग आतलं कुठी हाय?"

"आतलं तं मशीनमंधी गेलं. ते कसं काढून देऊ? काढता येते का वं प्रतीक्षा?"

प्रतीक्षा शहाणी पोरगी. तिनं डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचली. "नाई येत, काका. एकाच मशीनवर चालनार, अन् ते मशीन आता आमचं झालं. वर्गणीचं असतं तं दोन्ही घरी चाललं असतं."

उकंडराव दारातच उभे राहिले. दीडशे खुर्च्या घेतल्या त्या दिवशीही त्यांना एवढं ओशाळं वाटलं नव्हतं. तेव्हा गेली होती नुसती माडी. आता बायकोची तीन वर्षांची वाट चालली होती, आणि तीही त्यांच्याच उदारपणानं.

"चुकलं माह्यं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच उच्चारलं, त्यामुळं मनकर्णाबाई क्षणभर अर्ज विसरल्या.

"राहू द्या आता," त्या म्हणाल्या. "प्रतीक्षा, बस माय त्या मशीनवर. मी सांगतो, तू भर."

शंकररावांकडं कॉम्प्युटरपुढं एकच खुर्ची होती. उकंडराव न सांगता घरी गेले आणि माडीवरून दोन घेऊन आले. प्रतीक्षानं अर्जाची फाईल आपल्या मशीनवर घेतली आणि अर्ज पुढं सरकला. गटाचं नाव झालं, बायकांची नावं झाली, खारोड्यांचे प्रकार झाले. दुसऱ्या पानावर प्रतीक्षानं विचारलं, "काकू, गाळ्यातल्या खुर्च्या स्वतःच्या का भाड्याच्या?"

मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. "स्वतःच्या," त्या म्हणाल्या. "लागतीन तेवढ्या."

एक चाळीसला अर्ज कार्यालयात पोचला. पंधरा दिवसांनी गाळा मिळाल्याचं पत्र आलं. प्रदर्शनात खारोड्या तिसऱ्या दिवशीच संपल्या, आणि जालन्याकडचे पाहुणेही प्रतीक्षाला पाहून गेले. एकूण सगळ्यांचं चांगलं झालं.

उकंडरावांचं मात्र तेवढं झालं नाही. गटाला आता मागण्या येऊ लागल्या, म्हणजे दर महिन्याला पत्रं आली, याद्या आल्या, पाकिटावरच्या चिठ्ठ्या आल्या. दुसरं सॉफ्टवेअर घेणं म्हणजे पहिलं फसलं हे बशीरभाईंपुढं कबूल करणं. त्यामुळं महिन्याच्या एक तारखेला उकंडराव आंघोळ करून शेजारी जातात आणि स्वतःच्या खुर्चीवर बसून शंकररावांच्या मशीनवर टायपिंग करतात. आणि रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून मनकर्णाबाई त्यांच्याबरोबर खारोड्या देतात. भरायला त्या तोच डबा घेतात, स्वस्तिकवाला, कारण दुसऱ्या कशाला तो उपयोगी पडत नाही.

परवा एक तारखेला ते असेच डबा घेऊन निघाले आणि ओट्याजवळ बशीरभाई भेटले. त्यांनी झाकण उघडून पाहिलं, एक खारोडी तोंडात टाकली आणि शांतपणे चावली.

"भाऊसाहेब, लोकं वर्षाची वर्गणी भरतेत," ते म्हणाले. "तुमी महिन्याची घेतली काय?"

उकंडरावांनी झाकण लावलं, डबा काखेत घट्ट धरला आणि शेजारच्या दाराकडं वळले.

"पन डबा तं माह्या मालकीचा हाय ना," ते म्हणाले.