पाय चार, पळणं एक

आमच्या समोरचे हणमंतनाना आता आतापर्यंत रोज पहाटे पळायला जायचे, परत यायचे, स्वतःच्या घराच्या फाटकाला हात लावायचे आणि आत न जाता पुन्हा पळायला जायचे.

माधवनगरात नव्यानं राहायला आलेला माणूस हे पहिल्यांदा बघायचा तेव्हा त्याला वाटायचं, म्हाताऱ्याचं काहीतरी वाटेत पडलं असेल. दुसऱ्या दिवशी वाटायचं, आजही पडलं. आठवडाभरात तो माझ्या दुकानात यायचा आणि डोकेदुखीची गोळी घेता घेता हळूच विचारायचा, "ते समोरचे आजोबा बरे आहेत ना?" माझं औषधांचं दुकान नानांच्या फाटकासमोर आहे, त्यामुळे त्यांच्या डोक्याला मीच जामीन आहे असा लोकांचा समज. "बरे आहेत," मी सांगायचे. "सुभेदार होते. पळणारे."

आमच्या भागात सुभेदारांना तोटा नाही. घरटी एक फौजी निघेल. पण पळणारा सुभेदार ही वेगळी जात. नाना मूळचे साताऱ्याकडचे. मिसरूड फुटायच्या आत भरती झाले आणि पलटणीच्या पळण्याच्या संघात घेतले गेले. त्या काळात ही माणसं किती पळायची हे नानांच्याच तोंडून ऐकावं.

"आमचा उस्ताद म्हणायचा, सकाळचं पळणं मोजायचं न्हाई. ते तोंड धुतल्यासारखं. मग च्या. मग खरं पळणं."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी जेवाण जिरायला पळायचं."

"मग दमायचात कधी?"

"त्याला टाइम कुठं हुता?"

पायात कॅनव्हासचे बूट, खिशात फुटाणे आणि गुळाचा खडा. एकदा सुट्टीवर येताना नाना आणि त्यांचा जोडीदार बिरू साताऱ्याला उतरले. बिरूच्या गावाकडची एसटी दुसऱ्या दिवशी होती. दिवसभर स्टँडवर बसून काय करायचं, म्हणून दोघं भर पावसात पळत महाबळेश्वरला गेले. घाटात टॅक्सीवाले गाड्या थांबवून विचारायचे, "कोण मागं लागलंय रं?" बिरू म्हणायचा, "मागं कोण न्हाई. आमीच म्होरं हाय."

"आणि महाबळेश्वरात काय बघितलं?" मी विचारलं.

"धुकं."

"परत कसे आलात?"

"येताना काय, उतारच की."

नानांच्या गोष्टी मी निम्म्या करून ऐकते. धंद्यानं लागलेली सवय आहे. गिऱ्हाईक "रात्रभर डोळ्याला डोळा नाही" म्हणालं की मी दोन तास झोप धरते. पण निम्मं केलं तरी नानांचं पळणं अंगावर येतं.

हल्ली सांगलीत पळणाऱ्यांचं पीक आलंय. रंगीत बूट, मनगटावर घड्याळ, कमरेला पाण्याच्या बाटल्या. त्यातले काही जण नानांना बघायला येतात. एकदा असाच एक चुणचुणीत इंजिनिअर आला. नानांनी त्याचं घड्याळ हातात घेऊन उलटंसुलटं केलं.

"हे काय सांगतंय?"

"नाना, हे सांगतं की आज मी विश्रांती घ्यायची."

"म्हंजे घड्याळ दमलं व्हय?"

तो पोरगा हसला. नाना हसले नाहीत. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

वाहनाबद्दल नानांचं मत असं, की ते सामानासाठी असतं. लग्नाकार्याला जायचं तर कपड्यांची पिशवी ते एसटीच्या ड्रायव्हरकडे देतात, तो ती ठरलेल्या स्टँडवर चहाच्या टपरीत टाकतो, आणि नाना अर्ध्या चड्डीवर पळत जाऊन पिशवी ताब्यात घेतात. "कपडे एसटीनं, माणूस पायानं." बरीच वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग भाचीच्या लग्नाला ते तासगावला निघाले. शालनकाकी, म्हणजे त्यांची बायको, आदल्या दिवशीच हळदीला पुढे गेल्या होत्या. नाना वेळेत पोचले, पिशवी मात्र पोचली नाही. ड्रायव्हर बदलला होता. नव्या ड्रायव्हरला पिशवीची कल्पना नव्हती, त्यामुळे ती थेट शेवटच्या स्टँडपर्यंत गेली. इकडे गुरुजी माईकवरून मामांना हाका मारत होते. नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. तो सोडायचा कसा? नाना कुणाचं तरी उपरणं अर्ध्या चड्डीवर गुंडाळून, डोक्याला फेटा बांधून, भाचीच्या मागे ताठ उभे राहिले. तो फोटो त्यांच्या बाहेरच्या खोलीत लावलेला आहे. शालनकाकी तो पाहुण्यांना दाखवतात आणि म्हणतात, "हे आमचे. फेटा बघा नुसता. खाली बघू नका."

आता मूळ गोष्टीकडे येते.

गेल्या पावसाळ्यात नाना दुकानात आले आणि इकडेतिकडे बघून म्हणाले, "ताई, गुडघ्याला घालायचा पट्टा द्या. पाव्हणं आल्यात, त्येंला पायजे."

"पाहुण्यांच्या गुडघ्याचं माप?"

"माझ्याएवढंच."

"उजवा की डावा?"

"उजवा," म्हणून त्यांनी नकळत उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. मी पट्टा दिला. काही दिवसांनी पाहुण्यांना मलम लागलं. मग दुखण्याची गोळी लागली. गोळी मी चिठ्ठीशिवाय दिली नाही, आणि पाहुण्यांना घेऊन सांगलीला हाडांच्या डॉक्टरांकडे जा म्हणून सांगितलं. ते गेले. डॉक्टरांनी फोटो काढला आणि पळणं बंद करा म्हणून सांगितलं. नानांनी घरी येऊन सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, लय भारी गुडघा हाय."

पळणं काही थांबलं नाही. पहिली फेरी, फाटकाला हात, दुसरी फेरी. फक्त दुसऱ्या फेरीला वेळ जास्त लागायला लागला. शेवटी शालनकाकी दुकानात आल्या. "ताई, तुमी जरा बोला. तुमी औषधाच्या हाय, तुमचं ऐकतील. माझं काय, मी नुसती घरची."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी समोर गेले. नाना दुसरी फेरी संपवून फाटकाशी उभे होते आणि मोबाईल छातीशी धरून जोरजोरात श्वास घेत होते. हे आम्ही रोज बघायचो. तो काहीतरी प्राणायाम असावा असं गल्लीत सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. जवळ गेल्यावर कळलं, की फोन चालू आहे. पलीकडून एक खरखरीत आवाज आला. "होगो." कानडीत त्याचा अर्थ, जा रे. मग हसणं. मग फोन बंद.

"बिरू," नाना म्हणाले. "धाप ऐकतो. वळखतो, कुठनं पळून आलो त्ये."

मी पायरीवर बसले आणि विषयाला हात घातला. "नाना, दोन फेऱ्या कशाला? एक कमी करा."

"एकच तर पळतो ताई. दुसरी माझी न्हवं."

मग त्यांनी सांगितलं, ते असं.

बिरू जत तालुक्यातला. घर मेंढरांमागचं. लहानपणापासून माळानं मेंढरांपाठी पळालेला. पलटणीत दोघांची जोडी लागली. उस्तादांचा नियम होता, पळणं एकट्याचं नाही, जोडीचं. एक जण तापानं पडला तर त्याच्या वाटणीचं दुसऱ्यानं पळायचं. "पाय चार, पळणं एक," हे उस्तादांचं वाक्य. नानांना कावीळ झाली तेव्हा सगळे दिवस बिरू दुप्पट पळाला. परत आल्यावर खाटेपाशी येऊन नुसता उभा राहायचा, धाप ऐकवायला. नाना त्यावरून ओळखायचे, की आपलं आजचं पळून झालं.

दोन वर्षांपूर्वी साखरेच्या आजारानं बिरूचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मेंढरं पोरांनी सांभाळली, बिरू मात्र भिंतीकडे तोंड करून निजला. कुबड्या आणल्या, त्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. भाकरी अर्धी, मग चतकोर. पोरानं नानांना फोन केला.

"हे गेले की," शालनकाकी आतून चहा घेऊन येताना म्हणाल्या. "तवा पहिल्यांदा माणूस आणि कपडे एकाच एसटीनं गेले."

नाना बिरूच्या उशाशी बसले. सांत्वन त्यांना येत नाही. ते म्हणाले, "ऊठ."

"माझं पळणं सपलं."

"सपलं न्हाई. तुझा वाटा माझ्याकडं. उद्यापासनं रोज पळणार. पण माझी एक अट हाय. तुझा वाटा मी पळत असताना तू निजलेला चालणार न्हाई. तोंड धुऊन भाईर बसायचं. फोन येईल."

बिरूच्या घरात फोनला रेंज नाही. ती अंगणापलीकडे, लिंबाच्या झाडाखाली मिळते. म्हणजे रोज सकाळी कुबड्या काखेत घ्यायच्या, तोंड धुवायचं आणि झाडापर्यंत चालत जायचं. एकदा माणूस झाडापर्यंत गेला, की तिथून पुढे मेंढरं दिसतात, पोरांच्या चुका दिसतात, शिव्या द्याव्याशा वाटतात. दिवस मार्गी लागतो.

"आता म्या थांबलो," नाना म्हणाले, "तर त्यो उठायचा कशाला?"

मी म्हटलं, "आणि गुडघा?"

त्यांनी बोटं पुढे केली. "बिरूचा एक गेला. माझा एक असा. चारातलं ऱ्हायलं दोन. पळायला लागत्यात किती? दोनच."

चहा पिऊन मी दुकान उघडलं. तुमचं ऐकतील, असं शालनकाकी म्हणाल्या होत्या. मीच ऐकून आले होते.

तरी त्यांनी एक फेरी कमी केली. कुठली, ते दुसऱ्या दिवशी दिसलं. पहाटे नाना बूट बांधून, पट्टा चढवून स्वतःच्या पायरीवर बसले होते. मी समोरून विचारलं, "आज पळायला नाही?"

"पळतोय की. थांबा, माझं सपू दे."

पहिल्या फेरीला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ ते तिथे बसून राहिले. मग उठले, फाटकाला हात लावला आणि बिरूचं पळायला निघाले.

असं महिनाभर चाललं. गुडघा मात्र एक फेरी आणि दोन फेऱ्या यातला फरक मानत नाही. एके दिवशी नाना फाटकाशी आले ते पाय ओढत. फोन छातीशी धरला, धाप ऐकवली. पलीकडून "होगो" आलं नाही. मग बिरूनं विचारलं, "हणम्या, पाय कुणाचा घासतोय?"

"रस्ता खराब हाय."

"डांबरी रस्ता घासत न्हाई. पाय घासतोय."

"ठेव फोन, च्या पिऊ दे," म्हणून नानांनी फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी नाना पायरीवर बसून आपली फेरी पुरी करत होते. त्यांनी फाटकाला हात लावला, तेवढ्यात फोन वाजला. दोन वर्षांत फोन नेहमी इकडून तिकडे गेला होता, तिकडून कधी आला नव्हता. नाना घाबरले, ते मला रस्त्यापलीकडून दिसलं. फोनवर बोट चुकून भलतीकडे पडलं आणि आवाज मोठा झाला, त्यामुळे पुढचं अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

"हणम्या, निघालास का?"

"निघालो. काय झालं?"

"निघू नगंस. माझा पाय लय दुखतोय."

"कुठला?"

"डावा."

बिरूला डावा पाय गुडघ्याखाली नाही, हे त्या दोघांनाही माहीत होतं आणि आता मलाही.

"दुखऱ्या पायानं माझ्याच्यानं पळवत न्हाई आज," बिरू म्हणाला. "माझा वाटा ऱ्हाऊ दे. बस तितंच. मी हितं बसलोय झाडाखाली."

"कवा आलास भाईर?"

"लय येळ झाला. तू निघायच्या आदी सांगाय पायजे न्हवं?"

नाना पायरीवर बसले. फोन तसाच मांडीवर चालू होता. पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता आणि मधूनच बिरू पोरांना कानडीत काहीतरी ठणकावत होता. मग नानांनी बुटांच्या नाड्या सोडल्या.

कापलेला पाय दुखतो, ही गोष्ट खरी आहे. त्याच्यासाठी डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि त्या माझ्याही दुकानात असतात. बिरूचा पाय दुखत असेलही. पण नानांचा गुडघा सुजलेला असेल नेमका त्याच दिवशी तो दुखतो, आणि सूज उतरली की बिरू फोनवर म्हणतो, "आज बरा हाय. चालत जा, पळू नगंस, माझं आता वय झालं." तेव्हा नाना चालत जातात. हल्ली माधवनगरात कोणी कधी पळायचं हे जत तालुक्यात लिंबाखाली बसलेला एक माणूस ठरवतो, आणि ते ठरवायला त्याला नानांच्या आधी उठावं लागतं.

काल फोन झाल्यावर नाना दुकानात आले. स्टुलावर बसले. पाहुण्यांचं नाव काढलं नाही.

"ताई, मलम द्या. बिरूचा पाय दुखतोय."

मी डबी दिली. त्यांनी ती तिथेच उघडली, उजव्या पायाची विजार गुडघ्यापर्यंत वर सरकवली आणि सावकाश चोळायला लागले.