आत काम चालू आहे

तांडेलबाईंच्या वर्गाकडे बघून तुम्ही चुकून 'मुलं खेळतायत वाटतं' म्हणालात, की संपलं. "खेळत नाहीत, काम करतायत!" हे त्या इतक्या जोरात सांगायच्या की काम करणारी मुलंही दचकायची. एका पुठ्ठ्यावर त्यांनी 'आत काम चालू आहे' असं लिहून तो मांडवाच्या बांबूला टांगला होता. चारही बाजूंनी उघड्या मांडवाला आत काय आणि बाहेर काय, हे मी एकदाच विचारलं. पुन्हा विचारलं नाही.

शाळा तलासरीकडच्या एका पाड्यावरची. शिक्षक दोनच, मी आणि बाई. २०१८च्या दिवाळीनंतर तिथली जमीन हादरायला लागली ती थांबेचना, म्हणून वर्ग बाहेर मांडवात आले. दुसरीतली सुमन तेव्हापासून बोलायचीच बंद झाली. कुठल्याही छपराखाली पाय ठेवीना.

बाई डहाणूच्या किनाऱ्यावरच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. पोरांचा जीव जरा रमावा म्हणून एकदा त्या म्हणाल्या, "चला रे, आपण धक्क्यावर जाऊ!" किनाऱ्यावर धक्का म्हणजे होड्या लागतात ती जागा. आमच्या पाड्यावर त्या दिवसांत धक्क्याचा अर्थ एकच होता. मुलं किंचाळत मैदानाच्या टोकाला पळाली. सुमन चिंचेच्या झाडाला मिठी मारून दुपारपर्यंत तिथेच उभी. बाई दिवसभर स्वतःवर धुमसत होत्या. "माझ्याच तोंडाला कुलूप घाला," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या माशांची जुनी टोपली घेऊन आल्या. आत शिंपल्या, लाकडाचे तुकडे, जाळ्याच्या दोऱ्या आणि एक छोटी लाकडी होडी. मी देशावरचा, त्यात शाकाहारी. सुकटीच्या वासाने माझं डोकं उठायचं. मुलं एका फळीवर घरं बांधायची, मग कुणीतरी फळी गदागदा हलवायचं, घरं कोसळायची, सगळे ओरडायचे आणि परत बांधायला घ्यायचे. दिवसभर हेच! शेवटी मी भडकलो. "बाई, खरे धक्के कमी पडतायत का?"

"ओ सर, खरा धक्का त्याच्या मर्जीने येतो. हा पोरांच्या मर्जीने येतो. काय समजलात?"

मी काहीही समजलो नव्हतो. सुमन तर मांडवाबाहेर उन्हात, मुठीत एक शिंपली धरून नुसती बघत बसायची.

मग तपासणीला एक साहेब आले. आजही ते आठवले की माझं डोकं फिरतं. "हा कसला अभद्र खेळ? पाढे कुठे गेले?"

बाईंनी पुठ्ठ्याकडे बोट केलं. "साहेब, पाटी वाचा."

साहेबांनी पाटी वाचली नाही. टोपली ऑफिसातल्या कपाटात बंद करायचा हुकूम मला झाला. आणि हा हुकूम कुठे बसून? चिंचेखाली! छपराखाली बसायची छाती नव्हती म्हणून खुर्ची बाहेर मागवलेला हा माणूस सात वर्षांच्या मुलांना सांगत होता, भिऊ नका, पाढे म्हणा. माझा नुसता संताप झाला. पण संतापत संतापत मीच टोपली आत नेली आणि कुलूप लावलं, हेही सांगून टाकतो. बाई माझ्याकडे पाठ फिरवून मांडवात निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीपट आणायला मी ऑफिसात गेलो, तर उंबऱ्याबाहेर सुमन. तिने वर पत्र्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग डोळे घट्ट मिटून आत आली आणि कपाटाला हात लावून उभी राहिली.

"काम दे," ती म्हणाली.

मी कपाटाचं कुलूप काढलं.

टोपली आम्ही दोघांनी धरून बाहेर आणली. सुमनने घर बांधलं, स्वतःच फळी हलवली, घर पडलं. "पडला तर पडला. परत बांधू," ती स्वतःशीच म्हणाली आणि बांधायला लागली.

बाई मला ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी टोपलीतली होडी उचलून मांडीवर घेतली. "बाबांची होडी परत आली नाही, तेव्हा मी सुमनएवढी होते. वाळूत होडी बुडवायचा खेळ मांडला, तर आत्याने पाठीत धपाटा घातला. अभद्र खेळतेस म्हणाली. मग मी परत खेळलेच नाही, सर."

सुमनने फळीच्या कडेला हात आपटून बाईंना जागा दाखवली. "इथं आण."

बाई मातीत बसल्या. होडी फळीकडे ढकलत नेली, मध्येच उलटी केली. सरळ केली. परत निघाल्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. साहेब. "काय हो, बंद झाला का तो खेळ?"

मी मांडवाकडे पाहिलं. बाईंची होडी तिसऱ्यांदा बुडत होती.

"खेळ बंद आहे, साहेब," मी म्हणालो. "आत काम चालू आहे."