कायदा आला आणि कपडे मळू लागले

"हा आलेख बघा!" सिक्स्टेननं पडद्यावर काठी आपटली. "एप्रिलमध्ये चोरट्या डाउनलोडविरुद्ध कायदा आला, आणि आपल्या इमारतीतला इंटरनेटचा वापर निम्म्यावर! कायदा कडक असला की माणसं सुधारतात!"

स्वीडनमधल्या वेस्टेरोस शहरात त्या इमारतीची वार्षिक सभा चालली होती. सिक्स्टेन अध्यक्ष, रिकाम्या रस्त्यावरही लाल दिव्याला थांबणारा माणूस. मागच्या रांगेत त्याची मुलगी इल्वा दालचिनीचा पाव नुसताच कुरतडत बसली होती. सकाळी तिची हार्डडिस्क तळघरातल्या सामायिक धुलाईखोलीत, ड्रायरमागे राहिली होती. दुपारी बघते तर गायब!

"ते झालं रे," दुसऱ्या मजल्यावरच्या गुनवोरकाकू उठल्या, "पण एप्रिलपासून धुलाईखोलीची पाळीच मिळत नाही. नाव नोंदवायच्या फळ्यावर बघावं तर सगळ्या वेळा भरलेल्या. एवढे कपडे मळवतं तरी कोण?"

सभा एकदम आपापल्या बुटांकडे बघू लागली.

"त्याचाही छडा लागलाय, काकू!" सिक्स्टेननं खिशातून डिस्क काढली. "ही ड्रायरमागे सापडली. धुण्याच्या नावाखाली चोरट्या मालिका-सिनेमांची हातोहात अदलाबदल चाललीये! कोणाची आहे?"

इल्वाचे कान तापले. सांगून टाकावं? तिनं पावाचा मोठा घास तोंडात कोंबला.

"नाही सांगत? मग उघडूनच बघू." त्यानं डिस्क लॅपटॉपला जोडली. पडदाभर मोठ्या अक्षरांत एकच फोल्डर उमटला: 'बाबांचं शुक्रवारचं'.

आत त्याची लाडकी गुप्तहेर मालिका. दर शुक्रवारी चिप्सचा वाडगा मांडीवर घेऊन, डोळे पुसत पुसत बघितलेली.

"इल्वा," तो पुटपुटला, "वाढदिवसाच्या पैशांतून विकत आणते म्हणालीस ना?"

"सॉरी, बाबा."

आपल्याला कोणीतरी मशीनमध्ये घालून नव्वद अंशांच्या गरम पाण्यात फिरवावं, असं तिला वाटलं. पडद्यापुढे बाबा काठी धरून उभा होता, कानापर्यंत लाल. चूक तिची आणि मान त्याची खाली! हे तिला सगळ्यात जास्त लागलं.

गुनवोरकाकूंनी घसा खाकरला. "सहावा भाग आहे का रे त्यात? माझी डिस्क पाचव्यालाच संपते."

सिक्स्टेननं डिस्क काढली आणि सायकलस्टँडचा विषय घेतला.

शुक्रवारी चिप्सचं पाकीट कोणी फोडलं नाही. इल्वा पुन्हा माफी मागायला बाबाच्या खोलीच्या दारात गेली, तर तो कपड्यांची टोपली घेऊन बाहेर निघालेला. टोपलीत एकच मोजा, आणि त्याखालून डोकावणारं डिस्कचं टोक.

"बाबा, मशीन कालच लावलंय मी."

"असू दे," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "काकूंची पाळी सातला संपते."