दगडूनानांचा पुकारा

दगडूनाना कुणाच्याही नव्या घरी गेले की आधी उंबऱ्यात उभे राहून "होऽऽ" अशी आरोळी ठोकतात. आवाज कसा परत येतो ते कान देऊन ऐकतात आणि घरमालकाच्या तोंडावर निकाल देतात, "घर चांगलं शे भाऊ, पन आवाज फिरत नही." माझ्या फ्लॅटलाही त्यांनी नापास केलं.

नाना आमच्या तालुका कोर्टात पट्टेवाले होते, मी तिथला वकील. पक्षकारांच्या नावांचा पुकारा करायचं काम त्यांचं. जुनं कोर्ट म्हणजे त्यांच्या मते जगातली एकमेव शहाणी इमारत. उंच दगडी जोतं, कमानींचा व्हरांडा, डावीकडे ट्रेझरी, उजवीकडे तहसील कचेरी आणि मधल्या पटांगणात निंब. चौथ्या पायरीवरून पुकारा केला की तो ट्रेझरीच्या भिंतीवरून फिरून निंबाखाली झोपलेल्या माणसाच्या कानात शिरतो, हा नानांचा शोध. पाचवीवरून केला तर तहसील कचेरीकडे जातो, "आनि तठे कोन ऐकस?"

नियम तीन पुकाऱ्यांचा. तिसऱ्यालाही कुणी आलं नाही की गैरहजर. नशिराबादला भाच्याच्या लग्नात मुहूर्त टळू लागला, तेव्हा नानांनी मांडवातून नवरदेवाचा तीनदा पुकारा केला आणि जाहीर करून टाकलं, "गैरहजर! पुढली तारीख!" मुलीच्या बापाला धरून खुर्चीत बसवावं लागलं. नवरदेव बिचारा दाढी करत होता.

दुपारच्या सुट्टीतला एक पुकारा मात्र खासगी असायचा. "मथुराबाई दगडू पाटील, हाजिर होऽऽ!" डबा घेऊन निंबाखाली बसलेल्या मथुराकाकू पदराआड हसत उठायच्या. "बठ्ठा गावले मनं नाव सांगतस," म्हणून रागवायच्या. त्यांना एकच पुकारा पुरायचा.

पुढे नाना निवृत्त झाले, काकू वारल्या. कोर्ट हायवेवरच्या नव्या इमारतीत गेलं, तिथे पुकाऱ्याला लाउडस्पीकर आहे. जुनी इमारत पाडायचं ठरलं, तेव्हा आदल्या संध्याकाळी नाना मला तिकडे घेऊन गेले. उद्यापासून आवाज फिरवायला भिंतच राहणार नव्हती.

चौथ्या पायरीवर उभं राहून त्यांनी टोपी नीट केली. "मथुराबाई दगडू पाटील, हाजिर होऽऽ!"

आवाज फिरून आला. नानांनी पुन्हा पुकारलं. निंबाखाली कुणीच नव्हतं.

मी तिसऱ्या पुकाऱ्याची वाट पाहत होतो. नाना पायऱ्या उतरू लागले.

"नाना, तिसरा राहिला."

"राहू दे भाऊ. तिसरा दिधा का तिले गैरहजर लिखनं पडी."