पाठ चोळावी की न चोळावी, या मसलतीची हकीकत

ज्या देवतेने माणसास पाठ दिली आणि ती ज्याची त्यास दिसू नये अशी योजना केली, तिला प्रथम वंदन. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सर, ज्येष्ठ मास, ते समयी एका राज्यात जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे.

राज्य म्हणजे एक मोठे इस्पितळ. नाव लिहिण्याची आज्ञा नाही. त्याचे सुभे म्हणजे वॉर्ड, आणि गादीवर थोरले डॉक्टर, ज्यांस सर्वत्र हुजूर म्हणत. बायकांच्या हाडांच्या वॉर्डाचा कारभार थोरल्या सिस्टर एस्तेरबाई साळवे यांजकडे होता. बाई उंच, नजर करडी, बोलणे मोजके, आणि हाताची कीर्ती मोठी. ती कीर्ती अशी की, जे रोगी खुबा मोडून वा मणका दुखावून उताणे पडून राहतात, त्यांच्या माकडहाडावर आणि टाचांवर एक शत्रू चाल करून येतो, त्यास वॉर्डात बेडसोर म्हणत. हा शत्रू नौबत वाजवीत येत नाही. आधी एक तांबडा डाग पडतो, मग कातडी उलते, आणि मग आत खिंडार पडून थेट हाडापर्यंत वाट होते. त्याच्याशी लढण्याची विद्या एस्तेरबाईंस त्यांच्या गुरुबाईंनी दिली होती, आणि गुरुबाईंस त्यांच्या गुरुबाईंनी. विद्या अशी की, रोज सकाळ संध्याकाळ रोग्यास कुशीवर घ्यावे, तळहातावर स्पिरिट ओतावे, पाठ गोल गोल चोळावी, वरून पावडर शिंपावी, आणि जेथे तांबडा डाग दिसेल तेथे हात अधिक जोराने चालवावा. सगळा वॉर्ड स्पिरिट-पावडरीच्या वासाने भरून जाई, आणि रोगी दुवा देत, आणि नव्या पोरी हात दुखेतोवर चोळीत. तरीही शत्रू अधूनमधून ठाणे घेई. मग दरबार भरे आणि एकच प्रश्न विचारला जाई, हात कोणाचा सैल पडला. जिचा ठरे, तिची रवानगी कपडेखात्यात होई. तेथे चादरी आणि उशांचे अभ्रे होते, रोगी नव्हते.

त्या ज्येष्ठात एका म्हाताऱ्या बाईच्या माकडहाडावर शत्रू चढला आणि खोल उतरला. ती रोगी रजनी वाघमोडे नामे सिस्टरकडे होती. रजनी तिशीच्या आतली, अंगाने मजबूत, बढतीच्या उंबरठ्यावर. दरबारात उभी केली. एस्तेरबाई बोलल्या, "हात सैल पडला तुझा."

रजनी म्हणाली, "मोठ्या बाई, डाग दिसला त्या दिवसापासून मी दुप्पट जोर लावला. पेशंटला विचारा हवं तर. ती म्हणायची, पोरी, जरा बेतानं."

"मग डाग वाढला कसा?"

"तेच मला कळत नाही."

हे वाक्य त्या दरबारात पूर्वी कोणी उच्चारले नव्हते. कबुली देत, रडत, दुसरीवर ढकलीत, परंतु कळत नाही असे कोणी म्हणत नसे. एस्तेरबाईंनी तिजकडे अंमळ अधिक वेळ पाहिले, आणि मग रिवाजाप्रमाणे कपडेखात्याचा हुकूम दिला. बढती थांबली. दिवाळीपर्यंत निर्दोष ठरली नाही तर रोग्यास हात लावण्याचे काम पुन्हा कधी मिळू नये, असेही ठरले.

राज्यास लागूनच नर्सिंगची पाठशाळा होती. तेथे प्रतिभा मोकाशी नामे शिक्षिका, चष्मा सदा कपाळावर, स्वभाव असा की जेवतानाही प्रश्न विचारावा. त्यांस हे वर्तमान कळले आणि त्या कपडेखात्यात आल्या आणि चादरींच्या गठ्ठ्यावर बसल्या. म्हणाल्या की, दूरदेशी लोकांनी हे तपासले आहे, आणि त्यांचे म्हणणे असे की तांबड्या डागाखालची बारीक रक्तवाहिनी आधीच चेपलेली असते, तीवर जोर केला तर ती फाटते, म्हणून तिथे चोळू नये, कूस बदलत राहावी आणि पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्या. रजनी चादर घडी करीत होती. म्हणाली, "तिकडच्या पाठी वेगळ्या असतील."

"असतील. म्हणून तर इकडच्या बघायच्या."

रजनीने घडी तशीच धरून ठेवली, आणि मग हळू म्हणाली, "मॅडम, तुमचं खरं निघालं, तर मी सैल नव्हते एवढंच ठरेल ना? की मीच त्या म्हातारीची पाठ फाडली असं ठरेल?" प्रतिभाबाईंचा चष्मा कपाळावरून खाली आला. रजनी पुढे म्हणाली, "तरी बघू या."

मग मसलत हुजुरांपुढे गेली. हुजूर म्हणाले की इतक्या पिढ्यांची रीत, ती काय उगाच पडली, आणि साळवेबाईंस वाईट वाटेल. सर्वांनी एस्तेरबाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "माझा हात खरा असेल तर मला भ्यायचं कारण नाही. आणि नसेल तर मला कळायला हवं." मग रोग्यांवरील तपासास मान्यता देणाऱ्या नीतिसभेची परवानगी आली, आणि प्रत्येक रोग्यास समजावून विचारले, आणि चिठ्ठ्या टाकून कोणी कोणत्या रांगेत जावे ते ठरले. दाराकडच्या रांगेस नेहमीप्रमाणे चोळावे, खिडकीकडच्या रांगेस चोळू नये, आणि कूस दोन्ही रांगांची सारखीच बदलावी. धुरपताबाई नामे एक रोगी, खुब्याचे हाड मोडलेली, जीभ मात्र साबूत, तिची चिठ्ठी खिडकीकडे निघाली. ती म्हणाली, "पाठ माझी आणि नशीब चिठ्ठीचं. बरं, करा. नाहीतरी निजून निजून कंटाळलेय."

ज्येष्ठ गेला, आषाढ गेला, श्रावण गेला, आणि रोगी आले आणि गेले, आणि नोंदी जमल्या. भाद्रपदात हिशेब मांडला तो दोन्ही रांगा सारख्या. शत्रूने इकडे जितकी ठाणी घेतली तितकीच तिकडे. हुजूर प्रसन्न होऊन बोलले की, पाहा, चोळण्याने अपाय नाही, तस्मात दूरदेशीचे बोलणे दूरदेशी राहू द्या, आणि वाघमोडेबाईंचा हात सैल होता तो होताच. रजनी कपडेखात्यात अभ्रे उलटे करून सुलटे करू लागली. येणेप्रमाणे मसलत समाप्त होऊन...

दुसरे दिवशी हुजुरांची स्वारी राउंडास निघाली, मागे सगळा लवाजमा, आणि धुरपताबाईच्या खाटेपाशी थांबली. हुजुरांनी विनोदाने पुसले की, काय आजी, पाठ चोळली नाही म्हणून रागावला नाहीत ना. धुरपताबाई म्हणाली, "छे हो. मोठ्या बाई लई मायेच्या. येता-जाता पांघरुणात हात घालून चोळतात की थोडं. जिथं दुखतं तिथंच बरोबर हात जातो त्यांचा. आमच्या सगळ्या ओळीला चोळतात, मी एकटीच नाही हं."

लवाजम्यात कोणाच्या हातातील ट्रे वाजला. एस्तेरबाई आपल्या तळहातांकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "खरं आहे सरकार. मला वाटलं, या बायकांनी काय गुन्हा केलाय. मी ठरवून नाही केलं. हात जायचा." हुजूर म्हणाले, असू द्या, माया आहे. बाई म्हणाल्या, "माया आहे म्हणून तर तपास खोटा झाला. ती पोरगी चादरी घडी करत बसलीय माझ्या मायेपायी."

येथे बखर मोडली. पुन्हा आरंभ.

ज्या देवतेने पाठ दिली, आणि हात दिला, आणि हातास सवय दिली, तिला वंदन. शके तेच, संवत्सर तेच, मास आश्विन. मागील निकाल निकाल असे न समजावे. एस्तेरबाईंनी मसलत पुन्हा मांडण्याची विनंती केली, आणि आपली बदली आपणच मागून घेतली, मसलत पुरी होईतो पुरुषांच्या वॉर्डात. रजनीचा निकाल तोवर तहकूब ठेवावा असे त्यांनी हुजुरांकडून कबूल करून घेतले. खिडकीकडच्या बाजूची स्पिरिटची बाटली उचलली, पावडरीचा डबा उचलला, आणि पाठ पाहून डाग नोंदविण्याचे काम पाठशाळेतल्या अशा मुलींस दिले ज्यांस कोणत्या रांगेस चोळतात हे सांगितले नव्हते. नव्या रोग्यांनी नव्या चिठ्ठ्या उचलल्या. सिस्टरांस फार जड गेले. एकीने सांगितले की खिडकीकडे गेले की हात पदराखाली धरावे लागतात. दुसरीने सांगितले की रोगी म्हणतात, तुम्ही आता काही करतच नाही, नुसत्या लोळवता. तरी सर्वांनी पाळले.

माघ लागता हिशेब झाला. ज्यांस चोळले त्यांत शत्रूची ठाणी अधिक, आणि जी होती ती बहुतकरून तेथेच, जेथे तांबडे पाहून हात अधिक चालला होता. पोरींनी टाळ्या वाजविल्या. प्रतिभाबाईंनी थांबविले, म्हणाल्या की एका वॉर्डावरून साऱ्या जगाचा कायदा होत नाही, रोगी थोडे, काळ थोडा, परंतु दूरदेशी जे दिसले त्याच्याशी हे जुळते, आणि इतके आपल्या वॉर्डाची रीत बदलण्यास पुरे आहे. हुजुरांनी हुकूम फिरविला. रजनी वाघमोडे यांस वॉर्डात आणविले, आणि बढतीचा कागद पुन्हा वर काढला.

रजनी आली, परंतु आनंदली नाही. एस्तेरबाईंपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मी खरंच थोडी सैल असते, तर ती म्हातारी त्या जखमेपासून वाचली असती." एस्तेरबाईंनी तिला खुर्ची दिली. राज्यात सिस्टर थोरल्या सिस्टरपुढे बसत नसे, ती बसली. बाई म्हणाल्या, "जोर लाव असं तुला मी शिकवलं. मला माझ्या बाईंनी. त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. पण किती पाठी असतील गं, मला आठवून आठवून झोप येत नाही." मग रजनीने विचारले की आज खिडकीकडच्या रांगेची कूस कोणी बदलायची, आणि दोघी उठल्या.

मग फाल्गुनात, रजनीच्याच पाळीत, एका नव्या रोग्याच्या माकडहाडावर डाग आला आणि उलला. चोळले नव्हते. कूस वेळेवर बदलली होती. पाठशाळेच्या मुली, सिस्टरा, आया, सगळ्या दाराशी गोळा झाल्या की आता कपडेखाते कोणाच्या वाट्याला. रजनीचा चेहरा उतरला. एस्तेरबाईंनी रोगी बाईच्या उशाशी बसून विचारले, "मावशी, परवापासून काय काय झालं ते मला पहिल्यापासून सांगा. कुठं कुठं नेलं?" मावशी सांगू लागली, आणि सांगता सांगता एक्स-रेचा व्हरांडा आला. तेथे नंबर लागेतो ती सकाळपासून दुपारपर्यंत लोखंडी ट्रॉलीवर उताणी पडली होती. तो व्हरांडा कोणत्याच वॉर्डाचा नव्हता, म्हणून तेथे कोणाचीही पाळी नव्हती.

एस्तेरबाई तडक व्हरांड्यात गेल्या, मागे रजनी. दोन ट्रॉल्या रिकाम्या होत्या. बाईंनी चपला काढल्या, पदर सावरला आणि एकीवर उताण्या निजल्या. येणारेजाणारे थबकले. कोणी म्हणाले, सिस्टरला चक्कर आली. रजनी पुढे झाली तेव्हा बाई म्हणाल्या, "हात लावू नकोस. कुठं आणि किती वेळात टोचायला लागतं, ते कळू दे." इतक्यात हुजुरांची स्वारी तिकडून आली. हुजूर म्हणाले, "साळवेबाई, हे काय चाललंय?"

"पडून बघतेय सरकार. आपणही या. बाजूची रिकामी आहे."

येणेप्रमाणे हकीकत. हुजूर त्या ट्रॉलीवर पडले की त्यांनी नुसता हात लावून पाहिला, याविषयी दोन मते आहेत. ट्रॉल्यांस गाद्या मिळाल्या आणि व्हरांड्यास एक सिस्टर मिळाली, याविषयी एकच आहे. शत्रू अद्याप राज्यात आहे, आणि त्याच्या वाटा अजून शोधणे चालू आहे.