निरोपाच्या भाषणाची एकच प्रत

"दोन नंबर कोरी करतोय," प्रशील म्हणाला.

रविंद्ररावांनी टॉर्चच्या उजेडात डिस्कवरची चिठ्ठी वाचली आणि खणखणीत आवाजात दुजोरा दिला. "दोन नंबर कोरी. बरोबर. कर."

दीपनगरच्या वीजकेंद्रात त्यांनी चौतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली होती. तिथे एकाने हुकूम द्यायचा, दुसऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा, मगच बटणाला हात. निवृत्तीनंतर धुळ्याला देवपुरात घर बांधलं, पण त्या घरात हुकूम घेऊन चालवावं असं मिक्सरपलीकडे काही नव्हतं. त्यामुळे घरच्या सर्व्हरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची असं मुलाने म्हणताच ते स्टूल आणि नोंदवही घेऊन शेजारी येऊन बसले. अकरा बेचाळीसला नोंद झाली, खाली सही झाली, आणि ते समाधानाने दाढी करायला गेले.

सर्व्हर म्हणजे टीव्हीशेजारचा जुना कॉम्प्युटर. त्यात तीन डिस्क आणि घरातले सगळे फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं. प्रशील भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेला, पसारा त्याला सोसत नसे. एकाच फोटोच्या सात-सात प्रती बघून त्याचं डोकं उठायचं. आठ दिवस खपून त्याने प्रत्येक गोष्टीची एकच प्रत ठेवली आणि ते सगळं तीन नंबरच्या डिस्कवर नीट लावलं. दोन नंबरवर उरला होता तो निव्वळ कचरा.

अकरा पन्नासला त्याने तीन नंबर उघडली. आत कचरा होता.

नवी सिस्टीम डिस्क वेगळ्या क्रमाने मोजत होती. पडद्यावरची दोन नंबर आणि चिठ्ठीवरची दोन नंबर या दोन निरनिराळ्या डिस्क होत्या. बापलेकांनी सगळे नियम पाळून, दुजोरा देऊन, भरलेली डिस्क पुसली होती.

त्याने स्वतःला शांतपणे विचार करायला लावलं. फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये होते. प्रमाणपत्रं कपाटात होती. दुसरीकडे कुठेच नव्हती अशी एकच गोष्ट होती: पप्पांच्या निरोप समारंभातलं भाषण. बेचाळीस मिनिटं. आणि चार वाजता भुसावळहून मोतीलालभाऊ खास ते बघायला येणार होते. पप्पांचे जुने जोडीदार; समारंभाच्या दिवशी ते ड्युटीवर होते, म्हणून दोन वर्षं त्यांना आमंत्रण चाललं होतं.

न्हाणीतून पप्पांची शीळ ऐकू येत होती. ज्या माणसाच्या हातून चौतीस वर्षांत एकदाही वीजनिर्मितीचा संच बंद पडला नव्हता, त्याला हे सांगायचं कसं?

तो फोन घेऊन गच्चीवर गेला. समारंभाचं शूटिंग करणाऱ्या भुसावळच्या फोटोग्राफरने सांगितलं की कॅमेऱ्यातल्या त्या कार्डावर तेव्हापासून अकरा लग्नं होऊन गेली. मग नातेवाईक. जुना फोन बंद पडण्याआधी पप्पांनी तो व्हिडिओ चौदा जणांना पाठवला होता. जळगावच्या मृणालीताईने तो उघडलाच नव्हता, आणि आता तो उघडत नव्हता. रुपचंदकाकांनी टाळ्यांचं चित्र पाठवून त्याच मिनिटाला काढून टाकला होता. शेवटची आशा दोंडाईच्याची दिपमालामावशी.

"मी ते तवयच काढी टाकं रे," मावशी म्हणाली. "बठ्ठा फोन भरी जायेल व्हता. पण तुना पप्पाले सांगजो नको."

पप्पांना सांगू नको, असं चौदाही जणांनी बजावलं. म्हणजे स्वतःच्या पापाबरोबर आता चौदा जणांची गुपितंही प्रशीलच्याच पोटात. जेवण गेलं नाही. पुसलेलं परत मिळवून देणारा एक प्रोग्राम त्याने दुपारभर चालवला. साडेतीनला नऊ सेकंदांचा तुकडा हाती लागला. त्यात छताचा पंखा फिरत होता आणि कोणीतरी खोकत होतं.

दहा मिनिटं आधीच दारात जयभीम झाला. पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, टीव्हीची काच स्वतः पुसली होती. मोतीलालभाऊ सोफ्यावर ऐसपैस बसले.

"लाव रे," पप्पा म्हणाले.

प्रशील टीव्हीसमोर येऊन उभा राहिला. "पप्पा, भाषण नाहीये. सकाळी पुसलं गेलं. कुणाकडेच नाही."

पप्पांनी नोंदवही ओढली, अकरा बेचाळीसवर बोट ठेवलं आणि स्वतःची सही बराच वेळ बघत राहिले.

"दुजोरा माझा होता," ते हळूच म्हणाले.

"नोकरीत एकदा नाही पाडलास संच," मोतीलालभाऊ म्हणाले, "आणि पेन्शन चालू असताना पाडलास."

प्रशीलने मान खाली घातली आणि वीज कोसळायची वाट बघितली. पण पप्पा उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं.

"मोबाइल आडवा धर," ते म्हणाले. "सन्माननीय मुख्य अभियंता साहेब..."

शब्द न् शब्द पाठ होतं. तेव्हा वेळेअभावी गाळलेलं होतं, तेही आलं. बेचाळीस मिनिटांचं भाषण एक तास वीस मिनिटं चाललं. पप्पांनी तिन्ही पाळ्यांचे आभार मानले, कँटीनमध्ये चहा देणाऱ्या पुनाचे मानले, फाटकावरच्या कुत्र्याचे मानले. आई सगळा वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आणि शेवटी," पप्पा म्हणाले, तेव्हा तिने पदर सारखा केला आणि एक पाऊल पुढे आली. "शेवटी, ज्याच्यावाचून यातलं काहीच झालं नसतं, त्या कोळशाचे आभार."

मोतीलालभाऊंनी डोळे पुसले. पप्पा त्यांना बस स्टँडवर सोडायला गेले.

प्रशीलने मग धोका पत्करला नाही. नवं भाषण तिन्ही डिस्कवर टाकलं, पेन ड्राइव्हवर टाकलं, चौदाही नातेवाइकांना पाठवलं. एवढ्यात आई कप उचलायला आली आणि कप तसेच ठेवून त्याच्या शेजारी बसली.

"किती ठिकाणी ठेवलंस?"

"सगळीकडे. आता काही झालं तरी जाणार नाही."

आईने टीव्हीकडे बोट दाखवलं. "दोन वर्षं येईल त्या पाहुण्याबरोबर ऐकलं मी ते. माझं नाव नाही त्यात. आज परत करतायत म्हटल्यावर वाटलं, घेतील."

प्रशीलने हातातला फोन खाली ठेवला.

"सकाळी काय दाबलं होतंस, ते दाखव," आई म्हणाली. "आणि तिन्ही डिस्कना एकदम चालतं का, तेही सांग."